अक्का

मी डॉक्टर झाले त्यात पुष्कळ जणांचा हात आहे. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं, मामाने पहिल्या वर्षाची पुस्तकं घेऊन दिली, चाळीतल्या काकूंनी नीटच्या परीक्षेआधी मला अभ्यासाला त्यांची वरची खोली दिली. हे उपकार मी जाणते, आणि त्यातले काही थोडेफार फेडताही येतील. पण २०२०च्या उन्हाळ्यात मी तगले ती भिवंडीतल्या पद्मानगरच्या एका बिस्सीवालीमुळे. तिचं देणं वेगळं आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहायचं ठरवलं.

बिस्सी म्हणजे साच्यांवरच्या कामगारांची खाणावळ. पॉवरलूमला आमच्याकडे साचा म्हणतात. साच्यावर बारा तासांची पाळी असते, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते, आणि गावाकडून एकटा आलेला माणूस कारखान्याच्या आसपासच कुठेतरी झोपतो. त्याला चूल नसते. तो बिस्सीत दोन वेळा जेवतो आणि पगार झाला की हिशेब चुकता करतो. तोवर बिस्सीवाली वाण्याकडून उधारीवर तांदूळ-डाळ उचलते. लाखो साच्यांचं हे गाव जितकं सुतावर उभं आहे, तितकंच या बायकांच्या उधारीवर उभं आहे असं मी मानते. कापडाच्या धंद्यावर लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

कामतघरच्या आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीपासून पद्मानगर सुरू होतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही जुनी वस्ती. अक्का लग्न होऊन नलगोंड्याकडून इथे आल्या. नवरा साच्यावर होता, तो वारल्यावर त्यांनी बिस्सी सुरू केली. सगळे त्यांना अक्काच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे कामगारसुद्धा. बाबा ज्या कारखान्यात मेहताजी, म्हणजे कारकून, होते, तिथले बरेच कामगार अक्कांकडे जेवत, त्यामुळे आमची ओळख जुनी होती. ओळख म्हणजे काय, तर सणाला त्यांच्याकडून सकिनाल यायचे आणि आमच्याकडून पुरणपोळी जायची.

मी २०१९च्या बॅचची. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा चाळीच्या तोंडाशी माझ्या फोटोचा बॅनर लागला होता. चाळीतली पहिली डॉक्टर. आमच्याच बॅचपासून नवा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्यात सुरुवातीचा एक महिना नुसता पायाभूत वर्गांचा होता. देहदान केलेल्या माणसासमोर उभं राहून आम्ही शपथ घेतली, ताणतणाव कसा हाताळायचा यावर एक व्याख्यानही झालं. मग डिसेक्शन सुरू झालं. मार्चपर्यंत अप्पर लिंब आणि थोरॅक्स संपलं होतं. कॉलेज बंद झालं तेव्हा मी एक सॅक घेऊन निघाले. चौरसियांचे शरीररचनेचे जाड खंड, हाडांचा संच, नोट्स, सगळं हॉस्टेलच्या खोलीत कुलूपबंद राहिलं. दोन आठवड्यांत परत यायचंय असं सगळेच म्हणत होते.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. भिवंडीत साचे थांबले.

जो भिवंडीत वाढलेला नाही त्याला हे सांगणं कठीण आहे. आमच्या आयुष्यात साच्यांची खटखट कधीच थांबलेली नव्हती. आईच्या पोटात असल्यापासून मी ती ऐकत आले. बारावीचा अभ्यास त्याच आवाजात केला, झोपही त्याच आवाजात लागायची. तो आवाज बंद पडला आणि रात्री मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू यायला लागली. झोप पहाटे तीनच्या सुमाराला मोडायची आणि मोडली की मोडलीच. वर्ग मोबाइलवर सुरू झाले. घरात स्मार्टफोन एकच, धाकट्या बहिणीची शाळाही त्याच्यावर. पडद्यावर दीडशे-दोनशे नावं, सगळ्यांचे आवाज बंद, आणि कुणीतरी पोटातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवतंय. हाताने उघडून पाहायचं पोट मी चार इंची काचेवर पाहत होते. एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचे, शेवटच्या ओळीला पहिली ओळ विसरलेली असायची. परीक्षा कधी होणार, होणार की नाही, रोज नवी अफवा.

वरून चाळीचे प्रश्न. मला बॅनरवर पाहिलेली माणसं दारात उभी राहून विचारायची, 'काय गं, गरम पाण्याने हा विषाणू मरतो का? सासऱ्यांना दम लागतोय, काय देऊ?' मला हाताच्या मज्जातंतूंचं जाळं, ब्रॅकिअल प्लेक्सस, येत होतं. दुसरं काहीच येत नव्हतं. तिकडे कॉलेजातले इंटर्न आणि निवासी डॉक्टर पीपीई घालून वॉर्डात उभे होते, त्यांचे फोटो ग्रुपवर यायचे, त्यांच्या नाकावर मास्कचे वळ उमटलेले. आणि मी डॉक्टर म्हणवून घेत घरात बसले होते. बाबांचा पगार थांबला होता. आई भाजीत पाणी वाढवत होती. या सगळ्याला मीच कशी काय कारणीभूत आहे, असं मला वाटायला लागलं. त्यात तर्क नव्हता, पण तेव्हा ते दोन आणि दोन चार इतकं स्पष्ट वाटायचं. मी अंघोळ टाळायला लागले. मैत्रिणींचे फोन उचलेनाशी झाले. पुढे पुढे, पहाटे जाग आली की सकाळ होऊच नये असं वाटायचं. घरच्यांना काही दिसलं नाही, कारण त्या दिवसांत सगळ्यांचेच चेहरे तसे होते.

मे उजाडला. त्या महिन्याच्या सुरुवातीलाच भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. त्याआधीपासून माणसं पायी निघाली होतीच, मुंबई-नाशिक महामार्गाने पडघ्याच्या दिशेने, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. गाडी सुटतेय म्हटल्यावर पोलीस ठाण्यात फॉर्म भरायला झुंबड उडाली. नाव, आधार क्रमांक, गाव, जिल्हा, फोन, आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. दवाखान्यांसमोर रांगा लागल्या. अक्कांच्या बिस्सीत जेवणाऱ्यांत तेलंगणातले होते तसे गोरखपूर-बस्तीकडचेही होते. त्यातल्या दोघांनी मला विचारलं, 'डॉक्टर बेबी, सर्टिफिकेट बना दो.' मला ते देता येत नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि आत जाऊन रडत बसले.

थोड्या वेळाने अक्का आल्या. म्हणाल्या, 'सही नको करू. फॉर्म भर. तुझं अक्षर चांगलं आहे. माझ्याकडे इतकी माणसं आहेत आणि लिहिणारं कुणी नाही.'

मी नाही म्हटलं. त्या दारातून हलल्या नाहीत. आईने नजरेनेच मला जा म्हणून सांगितलं.

बिस्सीच्या ओट्यावर एक पत्र्याची पेटी उपडी घालून त्यांनी माझं टेबल केलं. सकाळी येऊन बसायचं, एकेकाचं आधार कार्ड पाहून फॉर्म भरायचा. अंतर राखून रांग लावायचं काम त्यांनी एका साचेवाल्याकडे दिलं होतं. मी लिहायचे. देवरिया, महाराजगंज, सिद्धार्थनगर, करीमनगर. गावांची नावं विचारून घ्यायचे, कारण ती चुकली तर गाडीत जागा मिळणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. दुपारी अक्का ताट पुढे करायच्या आणि मी जेवेपर्यंत समोर बसायच्या. त्याच काळात त्यांची उधारीची वही मी पाहिली. टाळेबंदी लागल्यापासून त्या सगळ्यांना जेवू घालत होत्या आणि कुणाकडे पैसे नव्हते. जो गावाला निघाला त्याचं पान त्या मला काढायला लावायच्या, आकडा मोठ्याने वाचायला सांगायच्या आणि त्या माणसाला म्हणायच्या, 'ऐकलंस ना? गावाला पोच. काम सुरू झालं की ये.' कुणाचा आकडा त्यांनी खोडला नाही, आणि जाताना कुणाला पैशांसाठी अडवलंही नाही. वाणी मात्र त्यांना अडवत होता. मंगळसूत्रातल्या दोन वाट्या त्याच महिन्यात गेल्या, हे मला फार नंतर कळलं.

या कामाने मला बरं वाटायला लागलं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. दिवसाला आकार आला, एवढंच. रात्र तशीच होती. मदत केली की मन हलकं होतं, हा सल्ला टाळेबंदीत फार फिरत होता. ज्याला नुसती मरगळ आहे त्याला तो उपयोगी पडत असेल. मला आजार झाला होता, आणि आजार फॉर्म भरून जात नाही.

अक्कांनी तो ओळखला. गर्दी ओसरल्यावर एके दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'रात्री मी पाण्याला उठते तेव्हा तू गॅलरीत उभी असतेस. रोज. झोप येत नाही का तुला?'

मी म्हटलं, 'अभ्यास असतो.'

'हातात पुस्तक नसतं.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'मी ठाण्याला जाऊन आलेय, माहीत आहे ना तुला?'

मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कुणाला वेडं ठरवायचं झालं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे चार पिढ्या लोक हे एकमेकांना भांडणात सुनावत आलेत. मीही शाळेत ऐकलंय, बोललेही असेन. आणि या बाई तेच वाक्य स्वतःबद्दल बोलत होत्या, गुडघ्याला संधिवात आहे असं सांगावं तितक्या सरळ.

त्यांची धाकटी मुलगी तापात गेली होती. त्यानंतर त्यांनी चूल पेटवणं सोडलं, बोलणं सोडलं. नवऱ्याने आधी अंगारे-धुपारे केले, एका भगताकडे कोंबडं दिलं. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी ठाण्याचं सांगितलं. दोघं एसटीने कशेळीचा पूल ओलांडून गेली, सोबत भाकरीचा डबा. 'मला वाटलं आत कोंडतील. कोंडलं नाही. एका डॉक्टरीणबाईने विचारलं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, मरून जावंसं वाटतं का. मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर ती घाबरली नाही. लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या. दर महिन्याला जायचे. दीड वर्ष खाल्ल्या गोळ्या.' हातातला खडा बाजूला टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'तुला वाटतं का तसं?'

मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणासमोर म्हटलं. अक्काही घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, 'मग तुझ्या कॉलेजात कुणीतरी असेल ना. लाव फोन. मी इथेच बसते.'

मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला आहे. कॉलेजात आम्हांला केस-हिस्टरी घ्यायला शिकवतात. तक्रार काय, कधीपासून, आधी असं झालं होतं का, घरात कुणाला आहे का. पण आम्हांला शिकवणाऱ्यांपैकी, आमच्या सीनियरपैकी, एकानेही स्वतःची हिस्टरी आम्हांला सांगितली नव्हती. सगळे धडधाकट. जागरणं केली, शिव्या खाल्ल्या, आणि बघा कसे झालो, हेच ऐकत आलो. तणावावरच्या त्या व्याख्यानातही आजारी माणूस म्हणजे कुणीतरी दुसरा होता. ज्याला पुढे लोकांच्या वेदना ऐकायच्या आहेत त्याने आपली वेदना उघडी करायची नाही, असा एक न लिहिलेला नियम आम्ही पहिल्याच वर्षी आत्मसात करतो. अक्कांनी स्वतःची गोष्ट माझ्यासमोर ठेवली नसती तर माझ्या तोंडून तो होकार निघाला नसता, याबद्दल मला शंका नाही.

शरीररचनाशास्त्राच्या एक मॅडम माझ्या मेंटर होत्या. त्यांना फोन लावला. ओट्यावर बसून, अक्कांसमोरच बोलले. मॅडमनी काही उपदेश केला नाही. 'आज रात्री एकटी झोपू नकोस, आईला सांग, उद्या सकाळी मी सोय करते,' एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच ठाण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ ठरवून दिली. व्हिडिओवर. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२०ला, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं देशात पहिल्यांदा जाहीर झाली होती. त्यामुळे डॉक्टरांना फोनवरून तपासणं, चिठ्ठी पाठवणं रीतसर शक्य झालं. तो कागद निघाला नसता तर त्या महिन्यात भिवंडीतून ठाण्याला पोचणं मला जमलं नसतं. आईला सांगताना अक्का सोबत आल्या. आई आधी म्हणाली, 'ठाण्याला? माझी मुलगी?' अक्का म्हणाल्या, 'ठाण्याला जायचं नाही. ठाणं फोनवर येतंय. आणि जावं लागलं तरी काय झालं, मी आहे ना समोर.'

डॉक्टरांनी नऊ प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पुढे मानसोपचाराची पोस्टिंग आली तेव्हा तीच प्रश्नावली माझ्या हातात पडली, पीएचक्यू-९. आज बाह्यरुग्ण विभागात मी ती वापरते तेव्हा नवव्या प्रश्नाला आवाज खाली करत नाही. तो भूक कशी आहे इतक्याच सरळपणे विचारायचा असतो.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे मळमळ आणि फरक काहीच नाही. डॉक्टरांनी तसं आधीच बजावलं होतं, पण तरी मी थांबवायच्या बेतात होते. अक्का रोज संध्याकाळी विचारायच्या, 'घेतलीस?' त्यांना औषधाचं नाव माहीत नव्हतं. दोन-चार आठवडे लागतात आणि मध्येच सोडायची नसते हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं, स्वतःच्या शरीरावरून. जूनच्या अखेरीस मी एकदा सहा तास सलग झोपले. सकाळी उठून हातपायांत जोर जाणवला तेव्हा लक्षात आलं की कित्येक आठवडे तो नव्हता.

तोवर गावात साथ भडकली होती. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय कोविडसाठी गेलं होतं, शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय झाली होती. मीही चाळीत घरोघर ऑक्सिमीटर फिरवला. आता दारात येणाऱ्यांचे प्रश्न अंगावर येत नव्हते. येत असेल ते सांगायचे, नसेल तर नाही म्हणायचे.

२१ सप्टेंबरच्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यांत लहान मुलं, आणि बरीच घरं साच्यांवर पोट असणारी. ढिगारा उपसण्याचं काम दिवसरात्र चाललं होतं आणि रुग्णवाहिकांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. त्या आठवड्यात माझी झोप पुन्हा गेली. पण या वेळी मी तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मात्रा वाढवली, आठवड्याला एकदा बोलायचं ठरवलं, आणि ते वादळ माझ्यावरून निघून गेलं. अक्कांच्या बिस्सीतला एक कामगार त्या इमारतीत राहत होता. त्याचं पान त्यांनी वहीतून फाडून तुळशीपाशी ठेवलं. त्याच्या गावी फोन करून बातमी मीच सांगितली, कारण अक्कांना बोलवेना.

२०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल आला तेव्हा मी इंटर्न होते. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. त्यातल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं, १६.२ टक्क्यांनी स्वतःला इजा करण्याचे किंवा आयुष्य संपवण्याचे विचार मनात आल्याचं. त्याच सुमारास माहिती अधिकारातून दुसरा आकडा बाहेर आला होता. पाच वर्षांत १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, ६४ एमबीबीएसचे, ५८ पदव्युत्तर. या १२२ जणांच्या आसपास प्राध्यापक होते, सीनियर होते, शेजारच्या इमारतीत मानसोपचार विभागही होता. मला राहून राहून वाटतं, की त्यांतल्या किती जणांसमोर कुणी मोठ्या माणसाने 'मीही गोळ्या घेतल्यात' असं म्हटलं असेल? आता १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, दिवसरात्र, मराठीतही. तो मी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये टाकायला लावते. पण नुसता नंबर देऊन मी थांबत नाही. आधी माझी हिस्टरी सांगते, औषधाच्या नावासकट. त्यानंतर सहसा कुणीतरी मागे रेंगाळतं.

अक्कांकडे आता पूर्वीइतकी माणसं जेवत नाहीत. गोरखपूरकडचे काही जण परत आले, काहींनी मोबाइलवरून पैसे पाठवले, काहींची पानं तशीच आहेत. मी भिवंडीला गेले की त्यांचं ब्लड प्रेशर तपासते, गोळ्या नियमित घेत नाहीत म्हणून रागावते, आणि त्या ऐकून घेतात. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा ओट्यावर एक अनोळखी बाई बसली होती, पदराने डोळे पुसत, बाळंत होऊन महिना झालेली. अक्कांनी मला हाताला धरून तिच्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, 'हिच्याशी बोल. डॉक्टर आहे. आणि डॉक्टर असून हिनेही गोळ्या घेतल्यात, मी बघितलंय.' ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला विचारलं, झोप कशी आहे.